बंद पिशवी

भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या धान्यकेंद्रात नवा माणूस आला की मी त्याला आधी बसायला सांगायची, पाणी द्यायची आणि मग पहिला प्रश्न विचारायची, "घरात चूल आहे का?" लोक गोंधळून जात. धान्य मागायला आलेल्या माणसाला चुलीचं कोण विचारतं? पण हा प्रश्न मला आपोआप सुचलेला नव्हता. त्यासाठी एका आजारी माणसाचं धान्य बंद होण्याची वेळ यावी लागली. ते पुढे सांगतेच.

आधी केंद्राबद्दल थोडं. भिवंडीत यंत्रमाग चालू असतात तेव्हा गल्लीत शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. बाहेरून आलेल्या पाहुण्याचं डोकं उठतं, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला भीती वाटते ती गल्ली शांत झाली की. सुताचा भाव वाढला, कापडाला उठाव नसला की मालक लूम थांबवतात आणि मग सकाळी भाजीवाल्याचा आवाजसुद्धा लांबून स्वच्छ ऐकू येतो. त्या शांततेत माणसं आमच्याकडे येऊ लागत. काम सुटलेला कामगार, जवळच्या वडपे गावातल्या गोदामात माल उचलताना कंबर धरलेला हमाल, छातीचा आजार झालेला, नवरा गेलेली बाई. यांतल्या कित्येकांचं रेशनकार्ड गावाकडे, आणि ज्यांचं इथे होतं त्यांना गहू-तांदूळ मिळे, पण गहू-तांदळाबरोबर खायचं काय हा प्रश्न राहीच.

आमच्या भागातल्या काही जमीनवाल्यांनी आणि कापडवाल्यांनी मिळून एक संस्था काढली होती. अध्यक्ष होते अण्णा. वडप्याच्या बाजूला त्यांची शेती होती, तिथे आता गोदामं उभी आहेत. मी त्यांच्याच गावची लेक, लग्न होऊन कामतघरला आले. त्यामुळे सगळं जग मला भोईरबाई म्हणायचं, पण अण्णा "मंदा" अशीच हाक मारायचे आणि मीही त्यांच्याशी जरा जास्तच मोकळं बोलायची. त्याआधी मी ग्राहक भांडारात काउंटरवर होते. ते बंद पडलं तेव्हा अण्णा घरी आले आणि म्हणाले, "तुला माल कळतो. आमचं केंद्र सांभाळ."

माल कळतो म्हणजे काय, तर पावसाळी हवेत पहिला रवा बिघडतो, मग बेसन, मग पीठ. तूरडाळीत हात घातला की दाणा सुका आहे की ओल धरलेला ते बोटांना समजतं. शेंगदाणा नाकाला लावून बघावा, खवट असेल तर चव घ्यायची गरज पडत नाही. गूळ मुंग्यांपासून वाचवणं ही एक स्वतंत्र नोकरी आहे. या कामात कौतुक कुणी करत नाही, पण आमच्या केंद्रातून किडका दाणा बाहेर गेला असं कुणी म्हणू शकणार नाही, एवढं मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पहिली काही वर्षं आम्ही बंद पिशवी द्यायचो. पीठ, तांदूळ, तूरडाळ, चणे, शेंगदाणे, गूळ, तेल, मीठ, हळद, तिखट. सगळं एका जाड कापडी पिशवीत भरून तोंड शिवून टाकायचो, वर संस्थेचा शिक्का. आत काय असावं हे अण्णांनी ठरवलं होतं. चहा नाही, साखर नाही, बिस्किटं नाहीत. "पोटाला लागंल तेच द्यायचं," ते म्हणत. "चैनीचं ज्याचं त्यानं बघावं." मला त्यात काही गैर वाटत नसे. पिशवी चांगली होती. मी स्वतः भरलेली होती.

मुनव्वर नावाचा एक कामगार दर महिन्याला पिशवी न्यायला येई. उत्तर प्रदेशातून पोरवयात आलेला, सगळी जवानी लूमवर गेलेली. छातीचा आजार निघाल्यावर मालकाने ड्युटी बंद केली, पण कारखान्याच्या माळ्यावर झोपायला जागा राहू दिली. उंच, वाकलेला माणूस. पिशवी उचलताना दोनदा थांबून श्वास घ्यायचा. दरवेळी "मेहरबानी, बाई" म्हणायचा आणि दारातून बाहेर पडला की डावीकडे वळायचा. त्याचा कारखाना उजवीकडे होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

संस्थेच्या एका सभासदाला आमची शिक्क्याची पिशवी जवळच्या बिस्सीत दिसली. बिस्सी म्हणजे कामगारांची खानावळ. एकटे राहणारे शेकडो कामगार अशा बिस्स्यांवर जेवतात. सभासदाने चौकशी केली, तेव्हा कळलं की पिशवी मुनव्वरने दिलेली आहे. त्या आठवड्याच्या बैठकीत दुसरा विषयच निघाला नाही. लोक धान्य विकतात, पैसे उडवतात, आपण मूर्ख ठरतो, असं एकेकजण बोलत राहिला.

अण्णा मला म्हणाले, "त्याचं बंद कर."

मी म्हटलं, "करते. पण आधी त्याला विचारूया तरी."

"काय विचारायचं त्यात?"

"तुम्ही चला माझ्याबरोबर. मग जे सांगाल ते करीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बिस्सीत गेलो. बिस्सी चालवायची काशीबाई, भिवंडीच्या खाडीकाठची, नवरा गेल्यावर तिनेच धंदा पुढे नेलेला. मोठ्या पातेल्यात डाळ रटरटत होती, एक बाई भाकऱ्या थापत होती, आणि जमिनीवर पट्ट्यांवर बसून कामगार जेवत होते. त्यांत मुनव्वरही होता. आम्हाला बघून तो अर्ध्या जेवणावरून उठला.

काशीबाईने अण्णांना ओळखलं. तिने हात पुसले आणि कोपऱ्यातली आमची पिशवी ओढून पुढे आणली. "तुमचीच हाय. मी कवा नाय म्हटलं? यो दर महिन्याला मला आणून देतो, मी त्याला दोन टाइम जेवायला घालते. पीठ तुमचं, भाकरी-चपाती माझी. याच्यात चोरी कुठं आली?"

अण्णा मुनव्वरकडे वळले. "तू स्वतः का नाही शिजवून खात?"

मुनव्वरने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की मीच तक्रार केली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "साहब, मेरे पास चूल्हा नहीं है. एक खटिया है, वो भी शिफ्ट की है. दिन में मैं सोता हूँ, रात में दूसरा सोता है. आटा कहाँ गूँधूँ?"

भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा हात थांबला. काशीबाईने एक ताट वाढलं आणि अण्णांसमोर ठेवलं. "जेवा. तुमच्याच डाळीची आमटी हाय."

अण्णा खाली बसले आणि जेवले. मुनव्वरलाही त्यांनी हाताने बसायची खूण केली. तो बसला.

परत येताना रिक्षा केंद्राजवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "मंदा, आपण इतकी वर्षं पीठ देतोय. कुणाकडे परात तरी हाय काय, ते आपण कधी विचारलं न्हाय."

मुनव्वरचं धान्य बंद झालं नाही. उलट, काशीबाईशी बोलून आम्ही त्याच्यासारख्या माणसांचं जेवणच तिच्याकडे लावून दिलं. पण माझ्या मनात वेगळंच सुरू झालं होतं. मी घरोघर जाऊन बघू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात आमचं गव्हाचं पीठ डब्यात पडून असे, कारण ती माणसं भात खाणारी. त्यांना चिंच हवी होती, आणि ती आमच्या पिशवीत नव्हती. छातीच्या आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या एका बाईला सकाळी मळमळायचं. तिच्या पोटात चहात बुडवलेला टोस्ट किंवा बिस्कीट एवढंच ठरायचं. आमचे चणे ती शेजारणीला द्यायची. पिशवी चांगली होती, पण ती मी माझ्या घरासाठी भरल्यासारखी भरली होती.

मी अण्णांना म्हटलं, "ग्राहक भांडाराच्या फळ्या अजून पडून आहेत. त्या आणूया. माल मांडूया. पिशवी रिकामी द्यायची आणि ज्याने त्याने आपली भरून न्यायची. महागाचं एकेकच घ्यायचं, एवढी अट."

"आणि चहा-साखर?"

"तेही ठेवू."

अण्णा म्हणाले, "माणसाला मोकळं सोडलं की काय होतं, ते मी घरात बघितलंय."

ते कशाबद्दल बोलत होते हे मला ठाऊक होतं, आमच्या सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ दत्तू. जमीन गोदामांना गेली तेव्हा त्याच्या वाट्याचं सगळं त्याच्या हातात आलं. अण्णांनी सांगून पाहिलं, की माझ्याकडे ठेव, तुला लागेल तसं देईन. दत्तू म्हणाला, मी काय कुकुलं बाळ हाय काय? ते सगळं दारूत गेलं आणि मागोमाग दत्तूही गेला. अण्णांनी त्याचं नाव बैठकीत कधी काढलं नाही, पण आमच्या बंद पिशवीला टाका पडला तो दत्तूमुळे, हे मला माहीत होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. बैठकीत मी बोलले. मला भाषण येत नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, ही माणसं कालपर्यंत स्वतःच्या कमाईने बाजार करत होती. आजार झाला, लूम थांबलं, एवढ्याने त्यांची अक्कल कमी झाली नाही. आपण त्यांना माणूस समजून त्यांचे हात मोकळे सोडले पाहिजेत. एका देणगीदाराने विचारलं, "उद्या त्यांनी मासळी मागितली तर?" मी म्हटलं, मागतील, इथली माणसं सुकट खातातच. त्यावरून बराच गोंधळ झाला. आमच्या पैशातून ते नको, असं काहींचं म्हणणं पडलं आणि ते त्यांच्या श्रद्धेचं होतं, त्यावर मी वाद घातला नाही. शेवटी अण्णांनी मार्ग काढला. सुकट आणि अंडी त्यांच्या स्वतःच्या खर्चाने, वेगळ्या कपाटात, मागच्या दाराशी. पुढे त्या कपाटाशी जेवढी रांग लागायची तेवढी पुढच्या फळ्यांशी लागत नसे, आणि अण्णा ती बघून मिशीतल्या मिशीत हसायचे.

फळ्या लागल्या त्या पहिल्या महिन्यात मी काउंटरमागे उभी राहून नुसती बघत होते. सगळ्यात आधी संपली ती चहाची पूड. एक म्हातारी बाई चहा-साखर पिशवीत ठेवून तिथेच थांबली. मी विचारलं, "काय राहिलं का?" ती म्हणाली, "न्हाय ग बाय. जावई येतो दारात, तर चहा विचारायची सोय न्हवती. आता विचारीन." विणकर बायांनी चिंच आणि तांदूळ नेले. गोळ्या घेणाऱ्या बाईने बिस्किटं नेली आणि जाताना डाळही नेली. मला वाटलं होतं की लोक गोडधोडाने पिशवी भरतील. भरली काहींनी, नाही असं नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांतल्या बहुतेकांनी तांदूळ-डाळ आधी घेतली.

त्या पहिल्याच महिन्यात बबनही आला होता. वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका गावातला, शेतकरी घरातला. इथे गोदामात हमाली करायचा. ट्रकमधून खोकं उतरवताना पाठीत काहीतरी तुटलं आणि जड काम कायमचं सुटलं. बंद पिशवी असताना तो ती न बोलता उचलून न्यायचा. फळ्या बघून मात्र त्याचा चेहरा बदलला. एकेक वस्तू हातात घेऊन, उलटून, परत ठेवून, बाजारात आल्यासारखा तो फिरला. डाळ घेतली, तांदूळ घेतले, आणि शेवटी शिकेकाईची पुडी घेतली. काउंटरवर ठेवताना म्हणाला, "बायकोला. लय दिवस साबणानंच न्हाते." मी घरी जाऊन नवऱ्याला हे सांगितलं. मला वाटलं, माझं बरोबर होतं.

काही महिन्यांनी एका सकाळी केंद्र उघडायच्या आधीच बबनची बायको, सुनीता, दारात उभी होती. एरवी ती यायची नाही, सामान बबनच नेत असे. मी तिला आत घेतलं. ती बसली नाही.

"बाई, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "आमच्या घरात ते पयलंच बरं होतं."

"पहिलं म्हणजे?"

"शिवलेली पिशवी."

मग तिने हळूहळू सांगितलं. बबन तांदूळ-डाळ सोडून चहाची पुडी, साखर आणि तेल तेवढं घेतो. केंद्रातून निघाला की नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जातो, ते सगळं तिथे देतो आणि जे मिळेल त्याची दारू पितो. घरी रिकामी पिशवी येते, कधी तीही येत नाही. पाठ दुखते म्हणून आधी थोडी घ्यायचा, आता पाठीचं नुसतं निमित्त राहिलंय. पोरी दोन, एक शाळेत जाते, एक अजून घरात.

"शिवलेली पिशवी टपरीवाला घ्यायचा न्हाय," ती म्हणाली. "पीठ, चणे त्याला काय कामाचे? वर तुमचा शिक्का. म्हणून ती घरी यायची. तुमी सगळ्यांना मोकळं द्या, माझं काय म्हणणं न्हाय. पर आमाला बांधून द्या."

तिने कुणालाही दोष दिला नव्हता. ती फक्त तिच्या घरापुरतं मागत होती. मी तिला म्हटलं, "दोन दिवस दे." ती गेल्यावर मी दार उघडायचं विसरून बराच वेळ तशीच बसून राहिले. बाहेर लोक जमू लागले होते.

दुपारी मी अण्णांकडे गेले. मनात धाकधूक होती, की आता ते म्हणणार, सांगितलं होतं ना तुला. ते ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दत्तूच्या बायकोनं पण मला सांगितलं होतं. भावजी, त्यांच्या हातात देऊ नका, माझ्या हातात द्या. मी म्हटलं, वाटा त्याचा हाय, तुझ्या हातात कसा देऊ?"

मग ते उठले आणि आत जाता जाता म्हणाले, "मंदा, फळ्या काढू नको. त्या राहू दे. फक्त त्या बाईचं ऐक."

मी बबनचं केंद्रातलं कार्ड सुनीताच्या नावावर केलं आणि तिच्यासाठी पूर्वीसारखी पिशवी शिवून ठेवू लागले. तिच्या घरासाठी मात्र मी तिला विचारून भरायची. गूळ जास्त, चणे कमी, धाकटीसाठी नाचणी. असं ठरवलं की पिशवी फक्त तीच नेईल.

पुढच्या महिन्यात बबन आला. सुनीताने त्याला घरी सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे. फळ्यांशी दहा-बारा माणसं होती. तो नेहमीसारखा रिकामी पिशवी घ्यायला काउंटरशी आला.

मी आवाज खाली आणून म्हटलं, "बबन, तुमचं सामान आता सुनीता नेईल."

"का?"

"तसं ठरलंय."

त्याला समजलं. त्याने मागे वळून फळ्यांकडे पाहिलं, तिथल्या माणसांकडे पाहिलं. तो चिडेल, ओरडेल, यासाठी मी तयार होते. तो ओरडला नाही. हातांनी काउंटरची कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमी साहेबांपुढं बोललात ना, ते आमच्या चाळीत सगळ्यांना ठावं हाय. या लोकांना माणूस समजा म्हणून. मग मी कोण?"

मी म्हटलं, "घरात पोरी आहेत, बबन."

"हायेत. माझ्याच हायेत." तो म्हणाला, "मला कामावरनं काढलं, तवा मी बोललो न्हाय. पाठ गेली, तवा बोललो न्हाय. महिन्यातनं एकदा इथं येऊन काय घ्यायचं ते मी ठरवायचो. तेवढं एकच मी ठरवायचो."

मी त्याला बसायला सांगितलं. दारू सोडवायचं केंद्र आहे, मी स्वतः बरोबर येते, असंही सांगितलं. पाठीसाठी डॉक्टरांना दाखवू म्हटलं. त्याने मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. पायऱ्या उतरताना त्याने पाठीवर हात ठेवला होता. त्यानंतर तो केंद्रात परत आला नाही. मी दोनदा त्याच्या चाळीत गेले. एकदा तो झोपलेला होता, एकदा मला बघून मागच्या बाजूने निघून गेला.

अजूनही मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. पोरींच्या ताटात पडलं ते बरोबरच पडलं, त्यात मला शंका नाही. सुनीता पुन्हा दारात येऊन तेच म्हणाली तर मी पुन्हा तेच करीन. पण ते करताना मी एका माणसाकडून त्याच्याजवळ उरलेली शेवटची गोष्ट काढून घेतली हेही खरं आहे, आणि एका हाताने केलेलं दुसऱ्या हाताने पुसता येत नाही. संस्थेत नवे सभासद येतात, तावातावाने विचारतात, लोकांना मोकळं द्यावं की बांधून द्यावं, एकदा काय ते ठरवा. मी त्यांना मुनव्वरचं सांगते. मग बबनचं सांगते. ते म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? मी म्हणते, विचारायचं. प्रत्येक घराला विचारायचं, आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं. या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. खरं तर माझंही होत नाही.

पुढची काही वर्षं सुनीता दर महिन्याला यायची, शिवलेली पिशवी डोक्यावर घेऊन जायची. तिने कपड्याच्या कारखान्यात धागे कापायचं काम धरलं होतं. मोठी मुलगी दहावी झाली. मधल्या काळात मुनव्वर बरा होऊन गावी गेला. जाताना काशीबाईकडे आणि माझ्याकडे येऊन गेला. अण्णांचं चालणं कमी झालं, ते केंद्रात खुर्ची टाकून बसायचे आणि मागच्या कपाटाच्या रांगेवर लक्ष ठेवायचे.

बबन गेला तो उन्हाळ्यात. पोटात पाणी झालं होतं, सरकारी दवाखान्यात थोडे दिवस काढले आणि गेला. मी मातीला गेले. त्याचा म्हातारा बाप वज्रेश्वरीहून आला होता. तो सगळ्यांना सांगत होता की माझा पोरगा एकट्याने दोन माणसांचं वजन उचलायचा. सगळे हो म्हणत होते. मीही म्हटलं. ते खरंच होतं, गोदामातली माणसं अजूनही ते सांगतात.

महिना उलटल्यावर सुनीता केंद्रात आली. कपाळ मोकळं, धाकटीला हाताला धरलेलं. मी सवयीने तिची पिशवी काढायला वाकले आणि थांबले. मी तिला म्हटलं, "सुनीता, आता तुला हवं तर तू फळीवरून घेऊ शकतेस. तुझ्या मनाने."

तिला आधी कळलं नाही. मग तिने फळ्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्यांच्यासमोरून पिशवी घेऊन जात होती, पण आत कधी शिरली नव्हती. मी तिला रिकामी पिशवी दिली. ती आत गेली, तांदूळ घेतले, डाळ घेतली, मुलीने बोट दाखवलं ते बिस्कीट घेतलं. पिशवीत अजून जागा होती. ती पुढे गेली, मागे आली, एका फळीसमोर उभी राहिली. तिच्यामागे दुसऱ्या बायका येऊन थांबल्या.

मी तिच्याजवळ गेले. "काय शोधतेस?"

"काय न्हाय, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पोरींचं घेऊन झालं. तुमी म्हणालात माझ्या मनानं घे, म्हणून बघत होते. मला काय आवडायचं, तेच आठवत न्हाय."

मागच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिला घाई होती, कामावर जायचं होतं. मी रांगेतल्या सगळ्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं, आणि सुनीताला म्हटलं, तू बघ, सावकाश बघ.